कमाल शब्दमर्यादा तीनशे

अर्ज म्हणतो : सत्राचं शीर्षक. मग सारांश, तीनशे शब्दांत.
मग 'श्रोते काय घेऊन जातील?' मुद्दे तीन.
दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
पंखा तीनवर, कर्सर जागच्या जागी डोळे मिचकावतोय,
आणि मी चौथ्यांदा लिहिलंय :
सायबर सुरक्षेत कुशल मनुष्यबळाची तीव्र टंचाई आहे.

चौथ्यांदा खोडलं.
टंचाई पाण्याची असते. रॉकेलची असायची.
माणसं तर रोज येतात, रावपुऱ्यातून, मांजलपुरातून,
प्लॅस्टिकच्या फायलीत प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स घालून,
आणि आमचीच जाहिरात त्यांना फाटकात अडवते :
पदवी, पाच वर्षांचा अनुभव, वय तिशीच्या आत.
(ती जाहिरात मीच लिहिली होती.
हे सारांशात नको.)

चारुशीला मोहिते त्रेचाळिसाव्या वर्षी आल्या.
अठरा वर्षं सहकारी बँकेच्या काउंटरवर.
बँक बुडाली तेव्हा त्यांच्याकडे उरलं
स्टॅम्पपॅडनं जांभळं झालेलं एक बोट
आणि समोरच्याला नीट पाहून घ्यायची खोड.
मी त्यांना घेतलं ते रात्रपाळीला कुणी मिळेना म्हणून.
दूरदृष्टी वगैरे काही नव्हती.

पहिले तीन महिने त्या वहीत लिहीत.
पोर्ट म्हणजे काय, लॉग कुठून वाचायचा,
डावीकडे मराठी, उजवीकडे गुजराती,
कोण कधी आत येतं, कधी बाहेर पडतं, कोण पासवर्ड दोनदा चुकतं.
पोरं हसायची : मावशी, ह्याला सॉफ्टवेअर असतं.
त्या म्हणायच्या, असू दे की. त्यालाही असू दे.

मग फेब्रुवारीतला तो शुक्रवार.
पडदा हिरवागार. पासवर्ड बरोबर, मशीन ओळखीचं.
मी फतेगंजला, सेव-उसळीच्या पहिल्या घासाशी.
फोन वाजला :
सर, हसमुखभाई आत आलेत.
मग?
शुक्रवारी सातनंतर ते भजनाला बसतात. झांजा वाजवतात.
दोन्ही हात गुंतलेले असतात, सर.

बंद करा खातं, म्हणालो.
तोवर तो जो कोण होता तो
चारशे माणसांच्या पगारपत्रकाच्या उंबऱ्यापर्यंत पोचला होता.
उसळ गार. तर्री वर येऊन जमलेली.

दुसऱ्या दिवशी विचारलं, कळलं कसं?
बँकेत आम्ही म्हणायचो, त्या म्हणाल्या,
सही जुळते, पण माणूस जुळत नाही.

झालं. शीर्षक मिळालं.
पण पुढचा रकाना विचारतो, सत्राची पातळी :
प्राथमिक, मध्यम, प्रगत.
खूण एकावरच करता येते.
आणि वक्ता.
तिथे मी सवयीनं माझं नाव लिहून ठेवलेलं.

रात्री अकराला त्यांना फोन केला. ड्यूटीवरच होत्या.
तुम्ही बोलाल का? हैदराबादला. स्टेज असतं, माइक असतो.
इंग्रजीत?
हवं तर मी भाषांतर करीन.
नको, त्या म्हणाल्या, मोडकं येतं, तेवढं पुरे.
पलीकडे कुठला तरी इशारा टुणकला,
त्यांनी तो पाहिला असावा, सोडून दिला असावा.
मग म्हणाल्या,
सर, तिथे सगळ्यांना सांगायचंय ना, ह्या कामात पुढे कसं जायचं?
हो.
मग मला आधी सांगा,
त्या हसणाऱ्या पोरांपेक्षा माझा पगार सात हजारांनी कमी का?

मी म्हणालो, बघतो.
बघतो हा शब्द
अठरा वर्षं त्यांनी काउंटरच्या आतून
बाहेरच्यांना सांगितला असणार.
त्यांना त्याची किंमत पैशापर्यंत माहीत.

माझं नाव खोडलं, त्यांचं लिहिलं. आडनावाआधी श्रीमती लावू की नको, ह्यात पाच मिनिटं.
मुद्दा पहिला : निरीक्षण हेही कौशल्य.
मुद्दा दुसरा : वही.
मुद्दा तिसरा रिकामा आहे.
उद्या दहाला एचआरच्या केबिनमधून
बाहेर आल्यावरच तो लिहिता येईल.

अर्जाची मुदत आज रात्री बारापर्यंत.